प्रशासकाची खुर्ची : महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्याची दीडशे वर्षे

१/
१५ जानेवारी २०२६ रोजी पुण्यातील एका शाळेच्या वर्गात मी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवक निवडण्यासाठी मतदान केले. माझे वय पंचवीस. मतदार यादीत नाव येऊन सात वर्षे झाली होती. या काळात मी लोकसभेसाठी दोनदा आणि विधानसभेसाठी दोनदा मत दिले होते. परंतु माझ्या गल्लीतील पाणी, कचरा आणि दिवे ज्या संस्थेकडे आहेत, तिच्यासाठी एकदाही नाही. पुण्याची आधीची महापालिका निवडणूक फेब्रुवारी २०१७ मधली. तेव्हा मी शाळकरी होते.

२/
ही केवळ माझी गोष्ट नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर येथील मुदत तर २०२० सालीच संपली होती. तेव्हापासून या शहरांचा कारभार 'प्रशासक' नावाच्या शासकीय अधिकाऱ्याने पाहिला. राज्यघटना सांगते की अशी संस्था पाच वर्षांहून अधिक काळ चालू शकत नाही आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी झाली पाहिजे. मग हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर २०२२ मध्ये सापडत नाही. त्यासाठी १८६५ पर्यंत मागे जावे लागते.

३/
कापसाच्या तेजीने मुंबई श्रीमंत झाली होती आणि अस्वच्छताही तितकीच वाढली होती. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिसेस ऑफ द पीस' या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे दिला. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे सारे अधिकार मात्र एकाच माणसाच्या हाती ठेवले : सरकारने नेमलेला म्युनिसिपल कमिशनर. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. त्यांच्या नावाची मंडई आजही आपल्याला ठाऊक आहे. क्रॉफर्ड कर्तबगार होते, घाईतही होते. शहर सुधारले, पण खर्चाला धरबंध राहिला नाही.

४/
१८७१ साली करदाते चिडले. पैसा आमचा, मग हिशेब विचारण्याचा अधिकार कोणाचा? कमिशनरचे अधिकार काढून घेऊन ते एखाद्या समितीला द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली. त्या वेळी सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने लोकप्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. फिरोजशहा मेहता म्हणाले की दोष कमिशनरच्या पदात नाही. दोष आहे तो त्याला जाब विचारणारी निवडून आलेली सभा नसण्यात. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची नजर हवी, असा त्यांचा आग्रह होता.

५/
१८७२ च्या कायद्याने हा विचार बराचसा स्वीकारला. ६४ सदस्यांचे कॉर्पोरेशन आले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसेसनी आणि १६ सरकारने नेमायचे. पुढे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आला. त्याच्या घडणीतही मेहतांचा मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही मुंबईला लागू आहे. अधिकारी आणि सभागृह या दोन चाकांवर चालणारा जो गाडा आपण महापालिकेत पाहतो, त्याची मूळ आखणी ही अशी. एक चाक काढले तर काय होते, हे पुढे पाहू.

६/
आता मुंबईबाहेर पाहू. १८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. पाठ्यपुस्तकात रिपनना 'स्थानिक स्वराज्याचे जनक' म्हटलेले असते, परंतु ठरावातील खरा मुद्दा तेथे क्वचितच सांगितला जातो. रिपन यांची भूमिका अशी होती की या संस्थांमुळे कारभार सुधारेल म्हणून त्या आणायच्या नाहीत. सुरुवातीला कारभार कदाचित बिघडेलही. त्या आणायच्या त्या राजकीय आणि लोकशिक्षणासाठी. लोक चुका करतील आणि त्यांतून राज्य करायला शिकतील.

७/
ठरावाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मंडळांत सरकारी सदस्य एक तृतीयांशाहून अधिक नसावेत आणि शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा. मात्र त्याच ठरावात सरकारच्या हाती एक हत्यारही ठेवले होते. एखाद्या मंडळाने आपल्या महत्त्वाच्या कर्तव्याकडे गंभीर व सतत दुर्लक्ष केले, तर ते तात्पुरते निलंबित करता येईल. पूर्णपणे बाजूला सारायचे असेल, तर प्रत्येक वेळी हिंदुस्थान सरकारची संमती लागेल. म्हणजे निर्वाचित संस्थेच्या जागी अधिकारी बसवण्याची तरतूद ही स्थानिक स्वराज्याची जुळी बहीण आहे. पण पाहा : १८८२ च्या वसाहतवादी सरकारलाही ती अपवाद म्हणूनच वापरायची होती.

८/
मुंबई इलाख्यात या ठरावाला प्रतिसाद म्हणून १८८४ चे दोन कायदे आले. एकाने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे उभी केली, दुसऱ्याने नगरपालिकांमध्ये निवडणुकीचे तत्त्व रुंदावले. कागदावर स्वराज्य आले. जिल्हा लोकल बोर्डाच्या अध्यक्षपदी मात्र कलेक्टरच बसला. महसूल गोळा करणारा, कायदा-सुव्यवस्था पाहणारा आणि लोकप्रतिनिधींच्या सभेचे अध्यक्षस्थान भूषवणारा माणूस एकच. त्याच्यासमोर एखादा इनामदार किंवा वकील कितपत विरोधी बोलेल, याची कल्पना आपण करू शकतो.

९/
तरीही बोलणारे होते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतावर नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका घेऊन फुल्यांनी विरोध केला. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु सभागृह असले की विरोधाची नोंद राहते. प्रशासकाच्या दालनात विरोधी मत नोंदवायला जागाच नसते.

१०/
आता प्रश्नाची दुसरी बाजू. सभागृह आहे, पण त्यात बसणार कोण? १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याविरुद्ध उभे राहिले. गावाला अधिकार म्हणजे प्रत्यक्षात कोणाला अधिकार, असा त्यांचा सवाल होता. जेथे गावकीवर बहुसंख्य सवर्णांचे वर्चस्व आहे, तेथे अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्व नसेल तर स्वराज्याचे तत्त्व आपण मान्य करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. 'निवडणूक होणे' आणि 'सर्वांना प्रतिनिधित्व मिळणे' या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मांडणारे हे आपल्याकडील पहिल्या काही विवेचनांपैकी एक.

११/
त्यामुळे संविधान सभेतील पुढचा प्रसंग समजायला सोपा जातो. घटनेच्या मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेखच नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी खेडे या घटकावर कठोर टीका केली. गांधीवादी सदस्य नाराज झाले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींना स्थान मिळाले, ते अनुच्छेद ४० म्हणून, राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत. त्याचा अर्थ असा की राज्यांनी पंचायती स्थापाव्यात ही अपेक्षा. न स्थापल्यास न्यायालयात दाद नाही. पुढची चाळीसहून अधिक वर्षे स्थानिक स्वराज्य राज्य सरकारांच्या मर्जीवर राहिले.

१२/
महाराष्ट्राने या मर्जीचा सुरुवातीला उत्तम उपयोग केला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय रचना सुचवली होती आणि विकासगटाला मध्यवर्ती मानले होते. राज्य स्थापन होताच नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने वेगळी वाट धरली : मुख्य घटक जिल्हा असावा. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कलेक्टरला या रचनेबाहेर ठेवले. १८८४ पासून अध्यक्षाच्या खुर्चीभोवती असलेली त्याची सावली येथे दूर झाली. शाळा, दवाखाने, रस्ते यांचे निर्णय निवडून आलेली माणसे घेऊ लागली. महाराष्ट्राच्या राजकारणातील कितीतरी नेते याच सभागृहांत घडले.

१३/
मात्र वेळेवर निवडणूक घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ साली झाल्या. त्यानंतर १९७९. आणि त्यानंतर थेट १९९२! आर. आर. पाटील यांच्या चरित्रात सांगली जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वाचा काळ १९७९ ते १९९० असा दिलेला दिसतो. पाच वर्षांचे सदस्यत्व अकरा वर्षे चालले, ते निवडणूकच झाली नाही म्हणून. मुंबई महापालिकेवरही १९८४ मध्ये प्रशासक नेमला गेला. १९८५ च्या निवडणुकीनंतर सभागृह परत आले. त्या काळातील महाराष्ट्र इतर अनेक राज्यांपेक्षा बरा मानला जाई, हे लक्षात घ्या. म्हणजे इतरत्र काय स्थिती असेल?

१४/
हा अनुभव गाठीशी घेऊनच ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती आली. १९८९ मधला राजीव गांधी सरकारचा प्रयत्न राज्यसभेत फसला होता. डिसेंबर १९९२ मध्ये, नरसिंह राव यांच्या काळात, दोन्ही विधेयके संसदेत मंजूर झाली. पंचायतींची दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि नगरपालिकांची १ जून १९९३ पासून अमलात आली. रिपनच्या ठरावानंतर तब्बल १११ वर्षांनी स्थानिक स्वराज्याला घटनेचे संरक्षण मिळाले.

१५/
या दुरुस्त्यांतील तीन तरतुदी आपल्या विषयासाठी कळीच्या आहेत.
• अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू : मुदत पाच वर्षे, अधिक नाही. नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी. मध्येच बरखास्ती झाल्यास सहा महिन्यांच्या आत.
• अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए : निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये स्थापन झाला.
• अनुच्छेद २४३-डी आणि २४३-टी : अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा. मागासवर्गांसाठी आरक्षण द्यायचे की नाही, हे मात्र राज्यांवर सोपवले.
शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा पेच त्यातूनच निर्माण झाला.

१६/
२००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'किशनसिंग तोमर' खटल्यात अहमदाबाद महापालिकेच्या निमित्ताने हा नियम आणखी घट्ट केला. प्रभागरचना अपुरी आहे, यादी तयार नाही अशा सबबींवर निवडणूक लांबवता येणार नाही. मुदतीपूर्वी निवडणूक पूर्ण करणे हे आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे. राज्य सरकार सहकार्य करत नसेल, तर आयोगाने न्यायालयाकडे यावे. त्या क्षणी कोणालाही वाटले असते की प्रशासक आता इतिहासजमा झाला.

१७/
दरम्यान महाराष्ट्राने १९९४ मध्ये इतर मागासवर्गीयांना स्थानिक संस्थांत २७ टक्के आरक्षण दिले. महिलांचा वाटा २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेला. या दोन निर्णयांनी सभागृहांचा चेहरा बदलला. माळी, धनगर, वंजारी, तेली, कोळी, न्हावी, कुंभार अशा समाजांतील माणसे सरपंच, सभापती, महापौर झाली. ज्यांच्या घरात कोणी तलाठी कार्यालयाची पायरीही धीटपणे चढले नव्हते, त्यांनी अर्थसंकल्पावर बोट ठेवले. आंबेडकरांच्या १९३२ मधील प्रश्नाला मिळालेले हे एक उशिराचे, अपुरे, परंतु खरे उत्तर होते. म्हणून पुढचा वाद 'काही आकड्यांचा वाद' असे समजून झटकून टाकू नका.

१८/
२०१० मध्ये 'के. कृष्णमूर्ती' खटल्यात घटनापीठाने सांगितले की नोकरी-शिक्षणातील मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण एकच नव्हे. स्थानिक संस्थांत आरक्षण द्यायचे तर त्याला स्वतंत्र पाहणीचा आधार हवा. अकरा वर्षे या निकालाकडे फारसे कोणी पाहिले नाही. ४ मार्च २०२१ रोजी 'विकास किशनराव गवळी' खटल्यात न्यायालयाने ते तत्त्व महाराष्ट्राला लागू केले. हीच ती 'तिहेरी चाचणी' : समर्पित आयोगामार्फत सखोल व ताजी पाहणी, प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्रपणे ठरवलेले प्रमाण, आणि एकूण राखीव जागा ५० टक्क्यांच्या आत. सरसकट २७ टक्क्यांचा नियम त्यामुळे टिकला नाही.

१९/
पाहणी करायची, पण आकडे कोठून आणायचे? देशात सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध गणना १९३१ ची, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी येथे एक चटका लावणारी गोष्ट आहे : २०२१ च्या राजकीय हक्काचा निवाडा करण्यासाठी जो पुरावा हवा होता, तो राज्यसंस्थेने नव्वद वर्षे प्रसिद्धच केला नव्हता. (पुढच्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला.)

२०/
त्यानंतरचा घटनाक्रम वेगाने पाहू.
• सप्टेंबर २०२१ : राज्याने अध्यादेश काढून आरक्षण राखण्याचा प्रयत्न केला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.
• मार्च २०२२ : राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल न्यायालयाने अपुरा ठरवला. त्याच महिन्यात माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला गेला.
• मे २०२२ : न्यायालयाने निवडणुका न थांबवता कार्यक्रम जाहीर करण्यास सांगितले.
• २० जुलै २०२२ : बांठिया आयोगाच्या अहवालानुसार निवडणुका घेण्यास परवानगी.
• २२ ऑगस्ट २०२२ : 'जैसे थे' आदेश.
हा शेवटचा आदेश मुळात पाच आठवड्यांसाठी होता. तो जवळजवळ पावणेतीन वर्षे चालला.

२१/
बांठिया अहवालावरही आक्षेप होतेच. मतदार याद्यांतील आडनावांवरून जात ठरवण्याच्या पद्धतीवर मागासवर्गीय नेत्यांनी टीका केली. महाराष्ट्रात एकच आडनाव किती जातींत आढळते, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय ५० टक्क्यांच्या मर्यादेचा फटका आदिवासीबहुल जिल्ह्यांत बसला. गडचिरोली, नंदुरबार, पालघर येथे अनुसूचित जमातींच्या जागा वजा केल्यावर जिल्हा परिषदेत ओबीसींसाठी काहीच उरत नव्हते.

२२/
दुसरीकडे प्रभागरचनेचा खेळ सुरू होता. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने सत्ताधारी व विरोधक दोघांच्या पाठिंब्याने कायदा करून प्रभाग आखण्याचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतले. मुंबईतील जागा एका सरकारने २२७ वरून २३६ केल्या. सत्ताबदलानंतर दुसऱ्या सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. प्रत्येक बदलासोबत नवी याचिका आली. आरक्षणाचा प्रश्न तत्त्वाचा होता. प्रभागांचा प्रश्न मात्र बहुतांशी सोयीचा होता, आणि दोन्ही बाजूंना ती सोय हवी होती.

२३/
या काळात सभागृह नसणे म्हणजे नेमके काय, हे मुंबईच्या उदाहरणावरून पाहू. १८८८ च्या कायद्यानुसार आयुक्त अर्थसंकल्प मांडतो, स्थायी समिती तो तपासते आणि महापालिका सभा मंजूर करते. ८ मार्च २०२२ पासून आयुक्त हाच प्रशासक झाला. म्हणजे मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. मेहतांनी १८७१ मध्ये मागितलेले दुसरे चाक निघून गेले आणि क्रॉफर्डच्या मुंबईत आपण परत आलो. फरक इतकाच की क्रॉफर्डना निदान जस्टिसेसच्या मंडळासमोर यावे लागत होते.

२४/
ग्रामपंचायतींचे नशीब थोडे बरे होते. त्यांच्या बहुतेक निवडणुका मागे-पुढे का होईना, होत राहिल्या. पण तेथेही २०२० च्या कोविडकाळात एक प्रयोग झाला. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने 'योग्य व्यक्ती' प्रशासक म्हणून नेमावी, असा आदेश राज्याने काढला. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि आधी शासकीय वा स्थानिक संस्थेतील कर्मचाऱ्यांचा विचार करा, असे अंतरिम आदेशात सांगितले. अधिकाऱ्याऐवजी मर्जीतील माणूस गावाच्या खुर्चीवर बसला असता, तर ती १८८४ च्याही मागची पायरी ठरली असती.

२५/
अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोंडी फोडली. चार आठवड्यांत अधिसूचना काढा, निवडणुका घ्या, आणि ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी जसे होते तसे ठेवा. अंतिम निकाल पुढे लागेल तो लागेल. पुढे मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा नवा अडथळा : ५७ नगरपरिषदा व नगरपंचायतींत आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे गेल्याचे समोर आले. न्यायालयाने निवडणुका थांबवल्या नाहीत, पण तेथील निकाल याचिकांच्या अधीन ठेवले. २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक नगरपरिषदा-नगरपंचायतींत आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांत मतदान झाले.

२६/
थोडे थांबून याचा अर्थ पाहू. निवडणुका ज्या आरक्षणावरील वादामुळे थांबल्या, त्या शेवटी वादापूर्वीच्याच आरक्षणावर झाल्या. ही अंतरिम व्यवस्था २०२२ मध्येही करता आली असती. मधल्या काळात ओबीसींना प्रतिनिधित्व मिळाले नाही. अनुसूचित जाती-जमातींना नाही, महिलांना नाही, कोणालाच नाही. वाटा कोणाला किती यावर भांडण चालू असताना ताटच उचलून नेले गेले होते.

२७/
येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो : सदोष आरक्षणावर किंवा आरक्षणाविना निवडणूक घेण्यापेक्षा थांबणे बरे नाही का? मला हा आक्षेप हलका वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ओबीसींच्या जागा सर्वसाधारण म्हणून भरा असे सांगितले, तेव्हा एका मोठ्या समाजाचा पाच वर्षांचा आवाज जाणार होता. त्यांचा संताप रास्त होता. आंबेडकरांनीही १९३२ मध्ये 'आधी पंचायत, मग प्रतिनिधित्व' हा क्रम नाकारलाच होता. पण आंबेडकर ज्या विधेयकाशी भांडत होते, ते दुरुस्त करता येणारे होते. अनिश्चित काळ रिकाम्या राहिलेल्या सभागृहात दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही.

२८/
मला या दीडशे वर्षांत एक सलग रेषा दिसते. स्थानिक संस्था काढून घेण्याच्या पद्धती बदलत गेल्या. वसाहतकाळात मंडळ निलंबित करता येत असे किंवा कलेक्टर अध्यक्ष असे. स्वातंत्र्यानंतर मुदतवाढ आणि बरखास्ती आली. १९९३ च्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही दरवाजे बंद केले. पण घटनाकर्त्यांनी गृहीत धरले की निवडणूक होईलच. ती झालीच नाही तर काय, याचे स्वयंचलित उत्तर घटनेत नाही. तो मोकळा राहिलेला कोपरा प्रशासकाने भरला. कोणीही संस्था बरखास्त केली नाही. फक्त पुढची कोणी आणली नाही.

२९/
पुढे पाहण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एक, तिहेरी चाचणीवरील अंतिम निकाल. दोन, जातनिहाय जनगणनेचे आकडे. ते आल्यावर तरी 'पुरावा नाही' हे कारण संपेल का? तीन, प्रभाग आखण्याचा अधिकार पुन्हा निवडणूक आयोगाकडे जाईल का? या तिन्हींकडे लक्ष दिले नाही, तर आता निवडलेल्या महापालिकांची मुदत संपताना, म्हणजे २०३१ च्या सुमारास, हाच पेच पुन्हा उभा राहू शकतो.

३०/
मतदानाच्या दिवशी माझ्यापुढे चार मते द्यायची होती, कारण पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग आहेत. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी विचारले, "चारही बटणं दाबायची का गं?" मला नक्की सांगता आले नाही, मीही पहिल्यांदाच आले होते. केंद्रावरील अधिकाऱ्यांनी आम्हा दोघींना समजावले. रिपन ज्याला लोकशिक्षण म्हणत होते, ते हेच. नऊ वर्षे वर्ग भरला नाही की विद्यार्थी मागे पडतो. आपले तसे झाले आहे.

३१/
आपल्या गावात वा शहरात प्रशासक किती काळ होता? त्या काळात कोणते निर्णय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे का? आजी-आजोबांना १९७९ किंवा १९९२ ची जिल्हा परिषद निवडणूक आठवत असेल, तर त्यांना जरूर विचारा आणि खाली लिहा. स्थानिक स्वराज्याचा इतिहास दिल्लीच्या दप्तरांत कमी आणि अशा आठवणींत अधिक आहे. पुढच्या धाग्यात वसंतराव नाईक समितीचा अहवाल सविस्तर पाहू.